अनुसयेच्या सहीच्या दोन छत्र्या

“उघड ती छत्री, दादासाहेब.”

“न्हाई उघडायचो. माजी सही हाय तिच्यावर.”

“सही हाय म्हणूनच उघड म्हणतुया.”

“म्हंजे माज्यावर भरवसा न्हाई?”

“तुज्यावर हाय. पर सकाळी अकरा हूक काढले आन् धाच परत आले. अकरावा काय पाखरू होऊन उडाला व्हय?”

अनुसयेनं हे भांडण ऐकलं तेव्हा ती चहाची किटली घेऊन दाराबाहेर उभी होती. हवाई दलाच्या तळावर नोकरीला लागून तिला उणापुरा महिना झाला होता. दादासाहेब म्हणजे तिथले सगळ्यात जुने पॅराशूट बांधणारे; पॅराशूटला तिथं सगळे छत्रीच म्हणत. समोर सेक्शनचे तेव्हाचे प्रमुख, वॉरंट साहेब. दोघंही साताऱ्याकडचे, एका डब्यात जेवणारे. पण त्या दिवशी आवाज असे चढले की चहा गार झाला तरी अनुसयेची आत जायची छाती झाली नाही. शेवटी छत्री उघडली. आत काही नव्हतं. दोऱ्या ओढायचा तो हूक सापडला खिडकीच्या चौकटीवर, कुणीतरी ठेवून विसरलं होतं. दादासाहेब खरे ठरले. खरे ठरूनही दोन महिने ते कुणाशी धड बोलले नाहीत.

त्या दिवशी अनुसयेच्या पोटात जी भीती शिरली ती तीस वर्षं बाहेर निघाली नाही. आपण चुकलो नाही एवढ्यानं इथं भागत नाही. चुकलो नाही हे उघडून दाखवावं लागतं.

अनुसया मुळशी तालुक्यातल्या जांब्याची. नवरा साहेबराव तळावरच्या आगीच्या बंबावर होता. विमान उतरताना दर वेळी हा बंबात बसून वाट बघायचा, आणि आग कधी लागली नाही, म्हणून घरी येऊन कुरकुरायचा. शेवटी गेला काविळीनं. पदरात दोन वर्षांचा रवी. साहेबलोकांनी विचारलं, बाई काय येतं? ती म्हणाली, शिवण येतं. मग तिला पॅराशूटच्या सेक्शनला घातलं. सातवीपर्यंत शाळा झालेली बाई, तिला वाटलं पडदे-बिडदे शिवायचे असतील.

बाहेरच्याला तळ म्हणजे कुंपण आणि कानठळ्या. आत गेलं की ते एक गावच, फक्त त्या गावात कुणी पारावर बसत नाही. उडणारी ती स्क्वॉड्रनची माणसं, त्यांचा थाट नवरदेवाचा. पण नवरदेव घोड्यावर चढायचा म्हणजे मागं वऱ्हाड किती! इंजिनाला हात लावणारे वेगळे, हत्यारं बसवणारे वेगळे, पायलटच्या खुर्चीखाली दारू भरणारे वेगळे. प्यायची नव्हे, संकटात पायलटला खुर्चीसकट विमानाबाहेर उडवायची. रडारवाले अंधारात बसून आकाश चाळतात, टॉवरवाले उजेडात बसून. एक टोळी नुसती पाखरं हाकलते, कारण एवढ्या मोठ्या यंत्राला एक घार पुरते. सगळ्यांचं मिळून काम एकच. भोंगा झाला की काही मिनिटांत विमान वर गेलं पाहिजे, आणि वर गेलेलं माणूस खाली आलं पाहिजे. पहिल्या अर्ध्या कामाला सगळा तळ. दुसऱ्या अर्ध्याला जे थोडके लोक, त्यांत अनुसयेचं सेक्शन.

लांबच लांब गुळगुळीत टेबल, त्यावर कांद्याच्या पापुद्र्यासारखं कापड आणि सुतळीएवढ्या जाडीच्या दोऱ्या. बांधायचा हवाई दलाचा माणूस, घड्या धरायला अनुसया. घडी वाकडी गेली तर पुन्हा पहिल्यापासून. दाराशी एक पत्र्याचा डबा. त्यात बांगड्या, घड्याळ, केसातली पिन, साडीची पिन, सगळं काढून ठेवायचं. बांधून झालं की कार्डावर दोन सह्या, एक बांधणाऱ्याची आणि एक तिची. वर्षाकाठी अशा कितीतरी छत्र्या तिच्या सहीनं जायच्या आणि बहुतेक न उघडताच परत यायच्या.

“छत्री उघडली तर कुणी बांधली ते कुणी इचारत न्हाई,” ती पुढं सुनेला सांगायची. “न्हाई उघडली तर पैला प्रश्न त्योच.”

जांब्यात आता भातखाचरांपेक्षा भाड्याच्या खोल्या जास्त. अनुसयेच्या घरावरही मजला चढला, तिथं जुईली नावाची वर्ध्याची मुलगी राहते. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. विमानं कासारसाईच्या धरणावरून वळून आली की जुईली मोबाईल घेऊन गच्चीवर पळायची. अनुसया अंगणात हातातलं काम थांबवायची. किती गेली ते बघायची, आणि तेवढीच परतली का तेही बघायची. जुईली म्हणायची, “आजी, तुम्हाला तर सवय असेल.” अनुसया म्हणायची, “सवय आवाजाची हाय गं. बाकीच्याची न्हाई.”

आता त्या मे महिन्याचं सांगायचं. सीमेवर धुसफूस चालू होती. गावोगाव भोंगे वाजवून दिवे घालवायची तालीम झाली. तळावर सुट्ट्या बंद. आणि त्याच महिन्याच्या अखेरीला अनुसयेची नोकरी संपत होती. बुद्धपौर्णिमेला विहारात रक्षणासाठीचा परित्राण पाठ झाला, तेव्हा भंतेजींनी सगळ्यांच्या मनगटाला पांढरा सुती धागा बांधला. अनुसयेनं तो ठेवला होता. दारातल्या डब्यात सगळं काढताना तिनं तो काढला नाही. गाठ घट्ट होती, तो ब्लाऊजच्या लांब बाहीखाली जात होता, आणि धातूचं तर काही नव्हतं. आताच्या वॉरंट साहेबांनी पाहिला असता तर काढायला लावला असता. त्यांनी पाहिला नाही, आणि तिनं दाखवला नाही.

नोकरी संपायच्या आदल्या दिवशी तिनं दोन छत्र्या बांधायला हात लावला. सकाळी एक, जेवणानंतर एक. दोन्हींवर सही केली. दोन बस बदलून सहाच्या सुमाराला घरी आली, अंगणातल्या नळावर हात धुवायला बाह्या वर सारल्या, आणि मनगट मोकळं.

ती तशीच उभी राहिली. नळ वाहत राहिला. मग पिशवी झटकली, डबा उघडला, ब्लाऊज उलटा केला, चपलांच्या आतसुद्धा बघितलं. वरून जुईली म्हणाली, “काय हरवलं, आजी?”

“धागा.”

“अय्या, अपशकुन वगैरे मानता का तुम्ही?”

“अपशकुन आपल्यात न्हाई. धागा गेल्याचं मला काय न्हाई. त्यो कुटं गेला त्याचं भ्या वाटतंय.”

जुईली खाली आली. सगळं ऐकून म्हणाली, “आमच्याकडं चूक राहिली की दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवतो.”

“तुमची चूक खाली पडत न्हाई, बाई,” अनुसया म्हणाली, आणि वॉरंट साहेबांना फोन लावायला निघाली.

तेवढ्यात रवी कामावरून आला. तो कंपन्यांची गाडी चालवतो, दिवसभर लोकांचं ऐकून आलेला. त्यानं अर्धं ऐकलं आणि आईच्या हातातला फोन काढून घेतला.

“आई, येक दिवस ऱ्हायलाय! उद्या नारळ, साडी, हार घ्यायचा आन् यायचं. आता फोन करून काय सांगनार? माजा धागा हरवलाय म्हनून विमान थांबवा?”

“व्हय.”

“चौकशी लावतील. पेन्शनीचा कागद अडकवतील. तीस वर्षं काढलीस तू तितं. आन् सुती धागा हाय, दोरखंड न्हाई.”

“पर आत असला तर?”

“बसमदी पडला आसंल. आसंल न्हाई, पडलाच.”

त्यानं फोन आपल्या खिशात टाकला. अनुसयेनं तो टाकू दिला. हे तिनं पुढं कुणापासून लपवलं नाही. रवीनं घेतला असं ती कधी म्हणाली नाही, “म्या घिऊ दिला,” असंच म्हणायची. पेन्शन डोळ्यांपुढं आली, आणि भीतीला भीतीनं दाबलं. भाकरी तशीच ताटात राहिली.

सकाळी पहिल्या बसनं निघाली. पोराला उठवलंसुद्धा नाही, फोन त्याच्या उशाशी होता तो उचलला. बसमधून दोनदा लावला. पहिल्यांदा सेक्शनला कुणी आलं नव्हतं, आणि दुसऱ्यांदा लावला तोवर वॉरंट साहेबांचा मोबाईल फाटकावरच्या खणात. तळावर मोबाईल आत नेता येत नाही. तिला तीस वर्षं तो नियम बरा वाटला होता.

फाटकावर पास दाखवत होती तेव्हाच आवाज आला. जमीन हलली. एक विमान उठलं, वळलं आणि उन्हात बारीक झालं.

वॉरंट साहेब, जनार्दन त्यांचं नाव, सेक्शनमध्ये खुर्चीवर चढून फुगे लावत होते. बरोबर विकी, तिच्यासोबत बांधणारा कॉर्पोरल.

“या, या! पाहुण्या आल्या!” साहेब म्हणाले. “आज काम करायचं नाही, नुसतं बसायचं.”

“साहेब, कालची सकाळची छत्री कुटं हाय?”

“सीटवाले संध्याकाळीच घेऊन गेले, पायलटच्या खुर्चीत घालायला. बसवली. शुभांगी मॅडम आत्ताच गेल्या ना ते विमान घेऊन. का?”

अनुसयेनं नुसती बाही वर केली आणि मनगट दाखवलं, जसं काही त्यांना त्यावरून कळणार होतं. मग सांगितलं. सगळं, फोनसकट.

जनार्दन साहेब खुर्चीवरून उतरले. फुगा हातातच होता.

“काल का नाही सांगितलं?”

“भ्याले.”

“कशाला?”

“पेन्शनीला.”

टेबलावरचा फोन उचलून त्यांनी तीन वाक्यं सांगितली, पलीकडच्या माणसाचं बराच वेळ ऐकून घेतलं, “हो सर” असं पाच-सहा वेळा म्हणाले. ठेवला आणि म्हणाले, “विमान परत बोलावतायत.”

मग वाट बघायची पाळी आली. साहेबराव बंबात बसून काय करायचा ते तिला इतक्या वर्षांनी कळलं. दाराच्या सावलीत ती उभी राहिली. डोक्यात नको ते चित्र येत होतं. आज नेमकी त्या पोरीला खुर्ची उडवावी लागली तर? लागत नाही, वर्षानुवर्षं लागत नाही, पण लागते तेव्हा कॅलेंडर बघून लागते का? दोरीला दोरी अडकली तर कापड फुगत नाही, सुरळी होते. सुरळी कशी खाली येते ते तिला एकदा पोत्याच्या बाहुल्यावर दाखवलं होतं, पहिल्याच आठवड्यात, मुद्दाम. पाखरं हाकलणाऱ्यांचा एक बार झाला आणि ती दचकून भिंतीला टेकली. विकीनं पाण्याची बाटली पुढं केली. तिनं ती न उघडताच पायरीवर ठेवली.

वीस-पंचवीस मिनिटांनी विमान आलं. चाकं टेकली, मागून वेग आवरणारी शेपटीची छत्री फुलली, थांबलं. अनुसया खाली पायरीवर बसली.

थोड्या वेळानं शुभांगी मॅडम स्वतःच आल्या. बुटकी, काटक मुलगी, घामानं केस कपाळाला चिकटलेले.

“मावशी! माझं उड्डाण घालवलंत की.”

“उड्डाण गेलं तर परत येतंय, मॅडम.”

मुलगी हसणार होती, ती हसली नाही. पायरीवर तिच्याशेजारी टेकली, मिनिटभर बसली आणि उठून गेली.

सीटवाल्यांनी खुर्ची सोडवून छत्री आणायला अकरा वाजवले. तोंडं चढलेली. गरम लोखंडात हात घालून काढली होती, आणि ऐन उन्हाळ्यात. छत्री टेबलावर आली. जनार्दन साहेब, विकी आणि अनुसया तिघांनी मिळून दोरी न् दोरी, घडी न् घडी उघडली. कापडाचा पट्टा न् पट्टा उजेडाला धरला. एक तास गेला.

काही नव्हतं.

विकीनं मोठ्यानं श्वास सोडला. “मावशी, तुमचा धागा आत्ता हिंजवडीत कुणाच्या तरी सीटवर बसून ऑफिसला चाललाय. फुगे लावू का परत?”

साहेबांनी रजिस्टर मिटलं. कपाळ पुसलं. तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांनी पुन्हा पाच-सहा वेळा “हो सर” म्हटलं, या वेळी जास्त हळू.

अनुसया भिंतीवरच्या फळीकडं बघत होती. तिथं दुसरी छत्री होती, दुपारची. संध्याकाळच्या आत स्क्वॉड्रनला जायची होती.

“साहेब, ती?”

“अनुसयाबाई.” त्यांनी फोनवरचा हात काढला नव्हता. “एक विमान खाली आणलं. अख्खं स्क्वॉड्रन सकाळपासून माझ्या नावानं खडे फोडतंय. मिळालं काय? काही नाही. बसमध्ये पडला, संपलं. आता दुसरी उघडली तर परत बांधायला उरलेला दिवस जाईल.”

“दुसरी उघडा.”

“ऐका जरा माझं.”

“तुमास्नी जमत न्हाई तर म्या उघडते.”

“एकट्यानं उघडायचा नियम नाही.”

“म्हनून तर तुमास्नी म्हनतीया.”

विकी एकदा साहेबांकडं, एकदा अनुसयेकडं बघत होता. तिचं मन आत काय म्हणत होतं ते तिला चांगलं माहीत होतं. मन म्हणत होतं, रिकामी निघू दे. रिकामी निघाली तर हसू होईल, एवढंच. आणि दुसरं मन म्हणत होतं, मग उघडूच नको, तेही एकच झालं. पण ते एक नव्हतं. तिनं फळीवरची छत्री स्वतः उतरवली आणि टेबलावर ठेवली. तीस वर्षांत कुणाला न विचारता टेबलावर काही ठेवायची तिची ती पहिलीच वेळ.

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि बाह्या वर केल्या.

पहिल्या घड्या निर्मळ निघाल्या. विकी मनातल्या मनात गाणं म्हणत असावा, ओठ हलत होते. कापड संपत आलं, दोऱ्यांच्या जुडग्यांवर आले. चौथ्या जुडग्यापाशी जनार्दन साहेबांची बोटं थांबली. दोन दोऱ्यांना मिळून एक पांढरा धागा गुंडाळला होता. घड्या दाबताना मनगटावर दुसरीकडं तुटून ओढला गेला असेल. गाठ तशीच घट्ट होती.

विकीचे ओठ थांबले.

“काही झालं नसतं,” साहेब म्हणाले. “सुती आहे. झटक्यानं तुटला असता.” मग थोडं थांबून, “बहुतेक.”

त्या खोलीत अनुसयेनं हा शब्द कधी ऐकला नव्हता. टेबलाला धरू नये हा नियम असूनही तिनं ते धरलं.

पुढं जे व्हायचं ते झालं. तिनं आपल्या हातानं कागदावर लिहून दिलं. धागा काढला नाही, ही चूक माझी. त्या दिवशी सांगितलं नाही, ही दुसरी चूक माझी. अक्षर मोठं आणि ओळी उतरत्या, पण काना-मात्रा सोडली नाही. सेक्शनच्या वरच्या इंजिनिअर साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि “चौकशी होईल, बाई,” एवढंच म्हणाले. झाली. पेन्शनीचा कागद चार महिने रखडला, रवी आठ दिवस आईशी बोलला नाही, आणि नवव्या दिवशी म्हणाला, “भाजीला मीठ कमी हाय,” म्हणजे बोलणं सुरू झालं. विकीचीही खरडपट्टी निघाली, कारण दुसरी सही त्याची होती. त्यानं मात्र मावशीला कधी शब्द लावला नाही.

पण त्या दुपारी अजून काम बाकी होतं. छत्री उघडी पडली होती आणि स्क्वॉड्रनला ती संध्याकाळच्या आत हवी होती. जनार्दन साहेब म्हणाले, बांधायला मी उभा राहतो, घड्या धरायला दुसरं कुणी बोलावतो. मग अनुसयेकडं बघून म्हणाले, “हात दाखवा.” तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे करून दाखवले, उलटे आणि सुलटे. “धरा,” ते म्हणाले.

चारला बांधून झाली. दोन सह्या झाल्या. बाहेर समोसे आले होते, हार आला होता, शेजारच्या सेक्शनची माणसं जमली होती आणि भाषणाला कुणी उभं राहावं यावर कुजबुज चालली होती.

“मी नेऊन देतो, मावशी,” विकी म्हणाला. “तुम्ही हार घाला.”

“हार काय पळतोय?”

तिनं रबरी चाकांचा हातगाडा काढला, छत्री त्यावर ठेवली, कापडाचं आच्छादन घातलं, बंद आवळले. उन्हं कलली होती तरी डांबर पोळत होतं. स्क्वॉड्रनच्या खिडकीपाशी सार्जंट बसला होता. तिनं पिशवीवरचा नंबर मोठ्यानं वाचला. त्यानं कार्डावरचा वाचला. तिनं पुन्हा वाचायला लावला, तो पुन्हा वाचला. जुळला.

“आजचा शेवटचा दिवस ना, मावशी?”

“सही करा.”

त्यानं केली. तिनं पावती घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवली आणि रिकामा गाडा वळवला. धावपट्टीकडं जाणारा रस्ता ओलांडायच्या जागी लाल दिवा लागला होता. दोन्ही बाजूंना काही दिसत नव्हतं. पहाऱ्यावरचा जवान म्हणाला, “जा मावशी, काही येत नाहीये.”

“हिरवा होऊ द्या,” अनुसया म्हणाली, आणि गाड्याचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.